गळा आधी की ठेका आधी?

घरातल्या घरात स्टुडिओ थाटायचा ठरला की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो. माझ्याकडे येणारी मुलं तो उंबऱ्यातच विचारतात: "सर, कुठलं घेऊ?" मी नाव सांगत नाही. "तुझं गाणं सुरू कुठून होतं?" असं उलट विचारतो. कुणी सांगतं, चाल सुचली की मोबाइलवर गुणगुणून ठेवतो आणि मग पेटीवर बसवतो. कुणी म्हणतं, आधी ढोलकीचा नाहीतर ड्रमचा ठेका लावतो, तो फिरत ठेवतो आणि त्यावर काय सुचतंय ते बघतो. या उत्तरातच निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी कशी करायची, ते सावकाश पाहू.

उदाहरणाला एक अभंग घेऊ. रचना संतांची, चाल तुमची. तानपुरा, पेटी, पखवाज, टाळ, एक गायिका आणि मागे चौघांचा कोरस. घरातली एक खोली, भिंतीला टांगलेल्या दोन गोधड्या, एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप. यातली प्रत्येक गोष्ट सॉफ्टवेअरकडे काही ना काही मागते. काय मागते ते कळलं की जाहिरातीतल्या यादीकडे पाहण्याची गरज राहत नाही.

कॉम्प्युटरमध्ये संगीत दोन रूपांत राहतं. गळा, पखवाज, टाळ माइकमधून आत जातात तेव्हा प्रत्यक्ष आवाजाची नोंद होते. लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजली जाते आणि ते आकडे ओळीने साठवले जातात. हा झाला ऑडिओ. कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडून पेटीची साथ वाजवता तेव्हा मात्र आवाज आत जातच नाही. कुठला सूर कधी दाबला, किती जोरात दाबला, कधी सोडला, एवढी टिपणंच जातात. ही मिडी. त्या टिपणांवरून आवाज काढायचं काम आतलं वाद्य करतं, म्हणजे पेटीचे नमुने भरलेला एक छोटा प्रोग्रॅम.

भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं ज्यांनी उघडली आहेत त्यांना मिडी चटकन उमजते. तिथे प्रत्येक मात्रेला जागा ठरलेली असते, एका मात्रेत बसणारे स्वर खालच्या चंद्रकोरीने बांधलेले असतात आणि समेवर खूण असते. पुस्तक स्वतः गात नाही, ते वाचून गाणारा गळा वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये ज्याला पियानो रोल म्हणतात ते हेच पान आहे. डावीकडे उभी पेटी, उजवीकडे सरकणारा काळ आणि प्रत्येक सुराची एक पट्टी, जितका वेळ सूर तितकी लांब. सीक्वेन्सिंग म्हणजे हे पान भरणं.

दोन रूपांतला फरक कामाच्या दिवशी जाणवतो. गायिकेचा घसा बसलेला असतो आणि काळी पाचऐवजी काळी चार घ्यायची पाळी येते. मिडीतली पेटी निवडून दोन घरं खाली ओढली की झालं. माइकवर घेतलेली पेटीसुद्धा सॉफ्टवेअर उतरवून देतं, पण स्वराबरोबर लाकडाचा घुमारा आणि भात्याचा श्वासही खाली उतरतो आणि पेटी मलूल वाटू लागते. पखवाज तर नव्याने लावून नव्यानेच वाजवून घ्यावा लागतो. दुसरीकडे, मिडीत सूर दाबतानाच्या जोराला फक्त १२७ पायऱ्या आहेत, आणि तो जोर दाबण्याच्या क्षणीच मोजला जातो. पेटीची खरी गंमत त्यानंतरची, भाता हळूच दाबून एकच सूर फुलवण्याची. ती आणायची तर एक्स्प्रेशन नावाच्या कंट्रोलरची रेघ सुराखाली हाताने काढावी लागते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेल्या ओल्या कणकेतून निघणारा घुमारा तर नमुन्यांत क्वचितच जिवंत राहतो. म्हणून माझं मत असं की पेटी मिडीतली चालेल, पण पखवाज माणसानेच वाजवावा.

आता सॉफ्टवेअरांकडे वळू. आज दिसायला ती सगळी एकसारखी झाली आहेत, सगळ्यांत ऑडिओ आहे आणि सगळ्यांत मिडी आहे. पण प्रत्येकाचा जन्म वेगळ्या घरात झाला, आणि त्या घराचं वळण अजून हाताला लागतं.

मिडीचा करार झाला १९८३ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड, सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, एका तारेने जोडून एकमेकांशी बोलताना लोकांनी पाहिले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांनी त्यासाठी फार खटपट केली होती. हा करार कुणाच्या खासगी मालकीचा राहिला नाही, म्हणून आज तुमचा दोन-तीन हजारांचा कीबोर्डही जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला जोडता येतो. मग १९८५ मध्ये अटारी एसटी हा कॉम्प्युटर मिडीची भोकं अंगातच घेऊन आला. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये त्याच अटारीवर क्यूबेस आणलं. लॉजिकची नाळही जर्मनीतल्या अटारीवरच्या सीक्वेन्सरलाच जोडलेली. अमेरिकेत १९८७ मध्ये डॉसवर केकवॉक आलं. या सगळ्यांनी आधी टिपणं सांभाळली, आवाज पुढे शिकले. त्यामुळे ज्यांना वाद्यमेळ लिहायचा असतो, म्युझिक पीस बांधायचे असतात, स्वर एकेक करून दुरुस्त करायचे असतात, त्यांना क्यूबेस आणि लॉजिक हाताला लागतात.

प्रो टूल्सचं घर वेगळं. ते १९९१ मध्ये आलं ते टेप रेकॉर्डरची जागा घ्यायला. आवाज घ्यायचा, कापायचा, जोडायचा, मिसळायचा. मोठ्या स्टुडिओत आणि सिनेमाच्या ध्वनीच्या कामात ते पक्कं बसलं आहे ते याच कामगिरीवर. एबल्टन लाइव्ह २००१ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलं, मंचावर वाजवणाऱ्यांच्या हातून. त्यात गाण्याची सुरुवात आणि शेवट ठरवावाच लागत नाही. तुकडे खणांत मांडून ठेवायचे आणि हवा तो हवा तेव्हा लयीत सोडायचा. बेल्जियमचं फ्रूटीलूप्स, आताचं एफएल स्टुडिओ, १९९७ च्या सुमारास आलं तेव्हा निव्वळ ठेका मांडायचं पान होतं. सोळा खिडक्यांची एक ओळ, जिथे आघात हवा तिथे टिचकी मारा. आजही त्यात ठेका जितक्या झटकन उभा राहतो तितक्या झटकन दुसरीकडे राहत नाही. आपल्याकडे लग्नाच्या, जत्रेच्या, मिरवणुकीच्या गाण्यांना ठेका बांधणाऱ्या पोरांचं ते आवडतं का, हे तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. रीपर मात्र कुठल्याच घराण्याचं नाही. विनॅम्प हा म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलने २००५ मध्ये ते सुरू केलं. अंगाने हलकं, जुन्या लॅपटॉपवरही धावणारं. तयार वाद्यं त्यात जवळजवळ नाहीत, पण ध्वनिमुद्रणाला आणि कापाकापीला त्याच्या किमतीत तोड नाही.

आपल्या अभंगाला यातलं कुठलं मानवेल? तीन ठिकाणी कस लागतो: लय, स्वर आणि उशीर.

लयीपासून सुरू करतो, कारण बहुतेकांची निवड इथे चुकते. सॉफ्टवेअर उघडलं की ते आपोआप चार मात्रांच्या घरांचं पान पुढे ठेवतं आणि टक-टक क्लिक देतं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांना ते चालून जातं. रूपकाच्या सात मात्रा, झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन अशा दहा मात्रा मांडायच्या तर घरं बदलावी लागतात. वर सांगितलेल्या सगळ्या मोठ्या सॉफ्टवेअरांत ते जमतं, फक्त सेटिंग शोधावं लागतं. विलंबिताचं गणित मात्र आधी करून घ्या. एका मात्रेला चार सेकंद लागत असतील तर मिनिटाला १५ मात्रा होतात, आणि लाइव्हचा टेंपो २० च्या खाली जात नाही. उपाय सोपा आहे. टेंपो ६० ठेवायचा आणि चार ठोक्यांची एक मात्रा धरायची. बारा मात्रांच्या एकतालाचं आवर्तन मग ४८ ठोक्यांचं होईल.

खरी अडचण पुढे आहे. अभंग एका लयीत राहतच नाही. पहिल्या चरणाला संथ असलेला ठेका गजरापर्यंत चढत जातो, आणि ही चढ कुणी मोजून करत नाही. पखवाजवादक गायिकेकडे पाहतो, टाळकरी पखवाजवादकाकडे पाहतात. क्लिकवर गाऊन घेतलं तर सगळं सरळ येईल, पण गजर उभा राहणार नाही. दुसरा रस्ता असा: तानपुऱ्यावर गायिका आणि पखवाज एकत्र, क्लिकशिवाय, मनासारखं घ्यायचं आणि नंतर सॉफ्टवेअरच्या काळाच्या रेघा त्या समांवर आणून बसवायच्या. याला टेंपो मॅप म्हणतात. मग मिडीतली पेटी किंवा मागाहून घालायची बासरी त्या चढत्या लयीच्या घरांत बरोबर बसते. लॉजिकमध्ये २०१८ पासून स्मार्ट टेंपो नावाची सोय आहे, ती हे काम पुष्कळसं आपण होऊन करते. क्यूबेसमध्येही लय ओळखणारं हत्यार आहे. रीपरमध्ये खुणा हाताने ओढाव्या लागतात, सहा मिनिटांच्या अभंगाला अर्धापाऊण तास जातो, पण काम चोख होतं. तुमचं गाणं गळ्यातून सुरू होत असेल तर हे एकच काम प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये करून बघा. यंत्राने माणसाच्या लयीमागे जायला हवं.

ठेक्यातून सुरुवात करणाऱ्यांनी क्वांटाइझ नावाचं बटण जपून वापरावं. ते पुढेमागे पडलेला प्रत्येक आघात ओढून रेघेवर आणतं. सॉफ्टवेअर एका मात्रेचे किती भाग करतं यावर लयीचा बारकावा ठरतो. रीपर ९६० भाग करतं. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक भाग ०.७ मिलिसेकंदाचा झाला. एफएल स्टुडिओ सुरुवातीला ९६ भागांवर असतं, म्हणजे भाग सुमारे ७ मिलिसेकंदांचा, पण ते वाढवता येतात आणि पहिल्या दिवशीच वाढवून ठेवावेत. ढोलकीचा तोडा रेघेवर आणून ठेवला की नाच संपतो. शंभर टक्क्यांऐवजी तीस-चाळीस टक्केच ओढायची सोय बहुतेक ठिकाणी आहे. तेवढ्याने गबाळेपणा जातो आणि हात शिल्लक राहतो.

स्वराचं थोडक्यात सांगतो, गणित सोपं आहे. कीबोर्डचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं आहे, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यामुळे कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो, तर जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ वर. चौदा सेंटचा हा फरक तयार कान लगेच पकडतो. तुम्ही तानपुरा आणि मिडी पेटी एकत्र वापरणार असाल तर सूर हलवता येणं गरजेचं आहे. लॉजिकमध्ये पूर्ण गाण्याची स्वरजुळणी बदलता येते. लाइव्हमध्ये ही सोय २०२४ च्या बाराव्या आवृत्तीपासून आली. मींडेसाठी पिच बेंड आहे. त्यात १६,३८४ पायऱ्या असल्या तरी साधारणपणे आवाका वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांचाच लावलेला असतो. सतारीची किंवा बासरीची मींड हवी तर तो वाद्यातच वाढवावा लागतो. आणि गायिकेचा सूर दुरुस्त करणारी जी हत्यारं मिळतात, त्यांना बारा स्वरांच्या चौकटीवर मोकाट सोडू नका. ती आंदोलित कोमल गंधाराला चूक समजतात आणि सरळ करून टाकतात. ज्या स्वरावर रागाचा जीव असतो तोच असा मारला जातो, आणि हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

आता उशीर, म्हणजे लेटन्सी. गायिका हेडफोन लावून गाते. तिचा आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये, तिथून कॉम्प्युटरमध्ये, सॉफ्टवेअरमधून पुन्हा हेडफोनमध्ये येतो. कॉम्प्युटर आकडे एकेक करून हाताळत नाही, त्यांचे गठ्ठे करतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १,०२४ आकड्यांचा गठ्ठा ४४,१०० च्या वेगाने भरायला २३ मिलिसेकंद लागतात, आणि येताना एक गठ्ठा, जाताना एक. गायिकेला स्वतःचा आवाज जवळजवळ पन्नास मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. पंधरा-सोळा मीटर लांबून कुणीतरी आपल्या मागोमाग गातंय, असा तो अनुभव आहे. चांगली गायिकाही अशा वेळी अडखळते आणि दोष स्वतःला देते. १२८ चा गठ्ठा केला की एका दिशेचा वेळ तीन मिलिसेकंदांवर येतो, पण कॉम्प्युटरवर ताण वाढतो आणि आवाजात टिकटिक येऊ शकते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी गठ्ठा लहान ठेवायचा, मिक्सिंगच्या वेळी मोठा. विंडोजवर इंटरफेसबरोबर मिळालेला एसिओ ड्रायव्हर घातल्याशिवाय हे नीट जमत नाही, तर मॅकमध्ये ती व्यवस्था मुळातच असते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर गायिकेचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ तिच्या कानात जातो आणि हा प्रश्नच मिटतो. इथे सॉफ्टवेअरपेक्षा ड्रायव्हरचा हात मोठा असतो. उशिराला कंटाळून सॉफ्टवेअर बदलणारे पुष्कळ पाहिले, पण त्यांचा उशीर नव्या सॉफ्टवेअरमध्येही सोबत आला.

पैशाचंही बोलायला हवं. मॅक असेल तर आधी गॅरेजबँड उघडा, ते मोफत आहे आणि त्यात केलेलं काम लॉजिकमध्ये तसंच पुढे नेता येतं. लॉजिक फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. २००२ मध्ये ॲपलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली, त्यामुळे मैत्रिणीच्या विंडोज लॅपटॉपवर तुमचं गाणं उघडणार नाही. विंडोजवाल्याने, विशेषतः गळ्यातून सुरू करणाऱ्याने, रीपर घ्यावं हे माझं स्पष्ट मत आहे. ६० दिवस ते पूर्ण वापरून पाहता येतं. घरगुती वापराचा आणि लहान धंद्याचा परवाना ६० डॉलरचा आहे. ठेक्यातून सुरू करणाऱ्याने एफएल स्टुडिओ घ्यावं. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम फुकट मिळतात, पण स्वस्तातली आवृत्ती घेताना तिच्यात माइकवरून ध्वनिमुद्रण होतं का, हे खात्री करून घ्या. त्याच्या चाचणी आवृत्तीत गाणं साठवता येतं पण साठवलेलं पुन्हा उघडत नाही, हेही आधीच माहीत असू द्या, नाहीतर रात्रभराचं काम सकाळी हातात येत नाही. एलएमएमएस मोफत आहे, तरी त्याच्या १.२ आवृत्तीत माइकवरून काही घेताच येत नाही, आपल्या अभंगाला ते बाद. ऑडॅसिटी एखादा आवाज घेऊन कापायला उत्तम आहे, पण वाद्यमेळ मांडण्यासाठी ते घडलेलं नाही. चोरून उतरवलेली सॉफ्टवेअरं माझ्या खोलीत मी येऊ देत नाही. लॅपटॉपला रोग लागतो हे एक, आणि ज्याला आपल्या चालीचा मोबदला हवा आहे त्याने दुसऱ्याच्या मेहनतीचा द्यावा.

इंटरफेसच्या खोक्यात बहुधा लाइव्ह किंवा क्यूबेसच्या छोट्या आवृत्तीचा कोड असतो. तो फेकू नका. ट्रॅकची संख्या मर्यादित असली तरी तानपुरा, पेटी, पखवाज, टाळ, गळा आणि कोरस एवढ्याला ती पुरते.

निवड करताना दोनच सॉफ्टवेअरं उतरवा आणि दोन्हींत तोच अभंग करा. गाणं पूर्ण नको, एक ध्रुपद आणि एक चरण पुरे. तानपुरा घ्या, गायिकेचे तीन टेक घ्या, तिन्हींतल्या चांगल्या ओळी जोडून एक करा, पखवाज घ्या, टेंपो मॅप करा, पेटी मिडीत वाजवा, काळी चारवर उतरवा, कोरस दोनदा घेऊन दोन बाजूंना ठेवा. मधेच वीज जाईल असं धरून चला, आणि दर पाच मिनिटांनी आपोआप साठवणारी सोय सुरू करून ठेवा. हे करताना किती वेळा थांबून शोधावं लागलं, त्याची एका कागदावर नोंद ठेवा. जिथे खुणा कमी, ते तुमचं. मग निदान वर्षभर दुसऱ्याकडे पाहू नका. हात बसायला तेवढा काळ लागतोच.

सॉफ्टवेअर कायमचं असतं असं मात्र समजू नका. केकवॉक चालवणाऱ्या गिब्सनने २०१७ मध्ये ते थांबवलं तेव्हा तीस वर्षं त्यावर काम केलेले लोक एका रात्रीत अधांतरी झाले. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेतलं म्हणून निभावलं. माझी स्वतःची एक भैरवी अशीच अडकली. आठ वर्षांनी फाइल उघडली तर गाणं उघडलं, पण त्यातलं सारंगीचं आतलं वाद्य नव्या लॅपटॉपवर चालेना. टिपणं होती, गळा नव्हता. ज्यांच्याकडून सारंगीची ती मींड बसवून घेतली होती ते तोवर राहिले नव्हते.

तेव्हापासून गाणं पूर्ण झालं की मी प्रत्येक ट्रॅक वेगळा, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवतो, मिडीचे ट्रॅकसुद्धा आवाजात उतरवून. सगळ्या फाइली शून्यापासूनच सुरू होतात, मग त्या ट्रॅकवर पहिलं वाजणं तिसऱ्या मिनिटाला का असेना. ४८,००० च्या वेगाने एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात, म्हणजे सहा मिनिटांच्या वीस ट्रॅकना साधारण एक जीबी जागा लागते. फाइलच्या नावातच पट्टी आणि ताल लिहितो: अभंग, काळी चार, भजनी, पखवाज. परवा असाच एक फोल्डर पुण्याला मिक्सिंगसाठी पाठवला. तिथल्या मुलाकडे प्रो टूल्स आहे, माझ्याकडे रीपर. त्याने सगळ्या फाइली एकाखाली एक ओढल्या, सुरू केलं, आणि फोनवर मला टाळ ऐकू आले.